ट्राय करतायत

‘ट्राय करतायत म्हणजे करतायत, का नाय करत?’

माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, हा प्रश्न विचारला तेव्हा ती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती आणि मी समोरच्या बाकावर बसून मोबाइलवर आलेला इंग्रजी मजकूर तिला मराठीत सांगत होतो. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. तिचे शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत झाले. तेव्हा इंग्रजी शब्दाचा अर्थ तिने विचारावा आणि मी सांगावा, यात अवघड काही नव्हते. मी सांगायला तोंड उघडले, आणि माझ्या लक्षात आले की या वाक्यापुरता तरी तो अर्थ मला ठाऊक नाही.

मजकूर खलाशी भरती करणाऱ्या मुंबईच्या एजंटाचा होता. आक्काचा एकुलता एक मुलगा बोटीवर खलाशी आहे. आमच्या भागात ‘बोटीवर’ म्हणजे मालवाहू जहाजावर. मासेमारीच्या होडीला कोणी बोट म्हणत नाही. त्याचा करार संपून शिमग्याला, गावदेवीची पालखी घरी येते त्या दिवसांत, तो परतणार होता. त्याआधीच त्यांच्या जहाजाच्या मालकाचे आणि दुसऱ्या कुणाचे तरी भांडण परदेशातल्या कोर्टात गेले आणि जहाजाने बंदराबाहेर नांगर टाकून जागच्या जागी उभे राहावे, असा हुकूम झाला. जहाज हलायचे नाही, आणि कायद्याने ते रिकामेही सोडायचे नाही. म्हणून त्यावरची माणसेही हलायची नाहीत. पालखी आली आणि गेली, पाऊस पडून उघडला, खाली मळ्यांत भात कापणीला आले, आणि भाचा अजून त्या नांगराशी बांधलेला होता.

मी एजंटाला दर आठवड्याला एक इंग्रजी पत्र पाठवत असे. पत्रे मी शाळेत शिकवत असे त्याच रीतीने लिहीत होतो: पहिल्या परिच्छेदात विषय, दुसऱ्यात परिस्थिती, तिसऱ्यात विनंती. प्रत्येक पत्राला उत्तर येई, आणि ते सौजन्याचे असे. शेवटी न चुकता एक वाक्य असे. ‘वी आर ट्राइंग अवर बेस्ट.’

आक्काच्या प्रश्नाला मी त्या दिवशी जे उत्तर दिले ते येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे ते माझ्यापुढेच उभे राहिले. मी म्हणालो, ‘ट्राय करतायत म्हणजे होईलही, आणि नाहीही होणार. दोन्ही धरून चालायचं.’

‘म्हणजे बघतायत,’ आक्का म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

तिचे भाषांतर माझ्यापेक्षा अचूक होते. आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. कोणाला कापणीला माणूस हवा असेल, कोणाला जागेतून पायवाट हवी असेल, तर समोरचा म्हणतो, ‘बघतो.’ विचारणाऱ्याला कळते, त्याला कळले हे सांगणाऱ्यालाही कळते, आणि दोघे पुढल्या वेळी एकमेकांकडे चहा पिऊ शकतात. आता त्या ‘बघतो’च्या जागी ‘ट्राय करतो’ आले आहे. वायरमन म्हणतो, ‘उद्या ट्राय करतो,’ म्हणजे उद्या दिव्याची वाट पाहू नये. कापडाच्या दुकानात मुलगी म्हणते, ‘ट्राय करून बघा, काका.’ फोन लागला नाही की आपण सांगतो, ‘ट्राय केला होता.’ केला होता की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक.

वर्गात मी हा शब्द असा शिकवीत नसे. ट्राय हा एकटा चालणारा शब्द नव्हे, असे मी मुलांना सांगे. त्याच्यापुढे काय करायचे ते आले पाहिजे. ट्राय टू स्विम. ट्राय टू राइट नीटली. एखादा मुलगा ‘सर, ट्राय करतो’ म्हणाला की मी विचारत असे, ‘काय करायचा?’ आणि तो पुढचे क्रियापद सांगेपर्यंत त्याला उभा ठेवत असे. भाचा आठवीपासून आमच्या घरी रत्नागिरीत राहून माझ्याच शाळेत शिकला. घरात मामा आणि वर्गात सर, असे दोन्ही त्याच्या वाट्याला आले. तो माझी नक्कल फार चांगली करीत असे. जेवताना मामी म्हणाली, ‘आज तरी भाजी खा,’ तर हा म्हणे, ‘ट्राय करतो,’ आणि मग लगेच माझ्या आवाजात, चष्मा नसताना चष्मा सारखा करून, ‘काय करायचा?’

मराठीत या अर्थाचे शब्द कमी नाहीत. प्रयत्न आहे, खटपट आहे, धडपड आहे. धडपड या शब्दात तर पडल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो, म्हणून तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. एजंटाने एकदा जरी लिहिले असते की आम्ही धडपडतो आहोत, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला असता.

आक्काचे घर खाडीकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटेच्या, अगदी खालच्या टोकाला आहे. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, मोबाइल चांगला लागतो. खाली वाडीत रेंज येते ती एवढीच: पडवीच्या दुसऱ्या खांबाला जो खिळा आहे, त्या खिळ्याभोवती. म्हणून आक्काचा फोन एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या खिळ्याला टांगलेला असतो. तो काढून कानाला लावला की आवाज तुटतो. म्हणून पिशवीतच बटण दाबायचे, स्पीकर चालू करायचा आणि खांबाशी तोंड नेऊन बोलायचे. याचा परिणाम असा की त्या घरातली एकही गोष्ट फोनवर खाजगी राहत नाही. शेजारच्या बिऱ्हाडात राहणारी आक्काची धाकटी जाऊ तर फोन वाजला की हातातले काम ठेवून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन उभी राहते, आणि तिने यावे हेही सर्वांना मान्य आहे.

भाचा रविवारी फोन करी, तेव्हा मी आक्काकडे असे. त्यालाही तिकडे किनाऱ्याची रेंज जहाजाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, एका बाजूलाच मिळे. तो तिथे उभा, आम्ही इथे खांबाशी.

‘काय रे, जेवलास काय?’

‘जेवलो, आई. गळाने मासे गरवले आज. मोठा गावला.’

‘कोणता?’

‘इकडचा आहे, नाव नाय माहीत. तुझ्यासारखं कालवण नाय होत त्याचं.’

‘त्याला कोकम नाय मिळत तिकडे,’ जाऊ खळ्यातून म्हणे. ‘तुझ्या आईने धाडलेली आमसुलं संपवलीस वाटतं?’

‘काकी, तू अजून तिथेच हायस? तुला ड्युटी लावलीय काय?’

सगळे हसत. आक्का हसे आणि पदराने पिशवीवरची धूळ पुसे.

मग बुधवारी किंवा गुरुवारी, मी माझ्या रत्नागिरीच्या घरी असताना, तो मला वेगळा फोन करी. तेव्हा त्याचा आवाज दुसरा असे. पिण्याचे पाणी मापून मिळते, जनरेटर फक्त संध्याकाळी थोडा वेळ चालतो, दिवसा लोखंड इतके तापते की आत झोपवत नाही. मासे तो हौसेने गरवत नव्हता. शिधा कमी पडत होता म्हणून गरवत होता. ‘आईला नका सांगू, मामा,’ असे तो प्रत्येक वेळी म्हणे. मी ‘नाही सांगत’ म्हणे. हे मला जमण्यासारखे होते. पण आक्काचेही एक गुपित माझ्यापाशी ठेवलेले होते.

पावसाळ्यात तिला धाप लागू लागली. आधी पाखाडी चढताना, मग विहिरीवरून येताना, मग नुसते वाकून चूल फुंकतानाही. मी तिला रत्नागिरीला नेऊन दाखवले. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, कागदावर हृदयाचे चित्र काढून कोणती झडप नीट मिटत नाही ते मला समजावून सांगितले, आणि म्हणाले की ऑपरेशन करावे लागेल. ते इथे होणार नाही, मोठ्या शहरात न्यावे लागेल. आणि फार थांबू नका. मी हे सर्व आक्काला नीट, सोप्या वाक्यांत सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले.

‘पोर आल्यावर बघू,’ ती म्हणाली.

‘आक्का, फार थांबू नका म्हणालेत.’

‘मग त्याला लवकर आण.’

त्यावर तिचे बोलणे संपले. मुलगा समोर नसताना ती टेबलावर झोपणार नव्हती. काही कमीजास्त झाले तर त्याने तिकडे कोणाच्या गळ्यात पडावे, असे तिने एकदा मला विचारले होते. आणि मुलाला यातले अक्षरही कळवायचे नाही, अशी तिने मला शपथ घातली.

ही तिची एकटीची समजूत नव्हे. ज्या घरांतली माणसे बोटीवर आहेत त्या घरांत हा नियम आहे: बोटीवर वाईट बातमी धाडू नये. माणूस उंच शिडीवर असतो, ओल्या डेकवर असतो. मनात घर आले की पाय निसटतो. आक्काचे यजमान बोटीवर असताना त्यांचे वडील वारले, तेव्हा ते परत येईपर्यंत घरातल्यांनी त्यांना कळवले नव्हते. ते आले, खळ्यात उभे राहिले, आणि वडिलांची काठी जागेवर नाही हे पाहून त्यांना कळले. आक्का ही गोष्ट कौतुकाने सांगते. तेव्हा ती नवी सून होती आणि काठी उचलून आत ठेवण्याचे काम तिचे होते.

म्हणजे मुलाचे आईला सांगायचे नाही आणि आईचे मुलाला सांगायचे नाही, आणि दोघांचेही मला ठाऊक. रविवारी खांबाशी उभा राहून मी दोघांची थट्टा ऐकत असे आणि हवापाणी विचारत असे.

कापणीच्या सुमारास आक्काने देवीला कौल लावायचे ठरवले. मी अशा गोष्टींत नसतो, पण पाखाडीवर तिला धरायला माणूस हवा होता म्हणून गेलो. आमच्याकडे गुरव देवीच्या अंगावर पाण्याने फुलाचे कळे चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. उजवा कळा पडला तर होय, डावा पडला तर नाही. मला त्यात एवढे मात्र चांगले वाटते की देवी गुळमुळीत उत्तर देत नाही. गुरवाने गाऱ्हाणे घातले, ‘पोर सुखरूप दारात उभं कर,’ आणि आम्ही सर्व टक लावून बसलो.

कळा पडेना. उजवाही नाही आणि डावाही नाही. समईत तेल घालून झाले, घंटा दोनदा वाजली, एक मांजर येऊन गेले.

‘देवी पण ट्राय करतेय वाटतं,’ जाऊ म्हणाली.

गुरवाला हसू आवरले नाही. आक्काही हसली. ‘पाणी जास्त झालंय,’ गुरव म्हणाला, ‘चिकटून बसलेत. आज ऱ्हाऊ दे, वयनी. परत लावू.’ आम्ही प्रसाद घेऊन उतरलो. उतरताना आक्का मधल्या पारावर बसली ती बराच वेळ उठली नाही, आणि जाऊ तिला पदराने वारा घालत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एजंटाने मला स्वतः फोन केला. पत्रांतल्यापेक्षा तो बोलताना बरा वाटला. मराठी माणूस होता, वयाने तरुण असावा. त्याने सांगितले की कोर्टाने एक सवलत दिली आहे. बदली माणूस चढवला तर जुना माणूस उतरवता येईल. सध्या बदली एकच मिळाला आहे. म्हणून ज्याच्या घरी सर्वांत जास्त गरज असेल त्याला पहिल्यांदा उतरवायचे ठरले आहे. घरी आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला पाठवा.

दाखला माझ्याकडे तयार होता. मुलाला कळवायचे नाही ही शपथ मोडल्याशिवाय हे करता येईल का, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘सर, कारण आम्ही बोटीवर सांगत नाही. नुसतं नाव जातं.’ मी दाखला त्याच दिवशी पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला. ‘सर, दाखले सगळ्यांचेच आलेत. काही खरे आहेत, काही नाहीत. म्हणून वरून सांगितलंय की घरच्या माणसाशी प्रत्यक्ष बोलून खात्री करा. तुमच्या बहिणीशी दोन मिनिटं बोलेन. उद्या दुपारी.’

मी सकाळच्या गाडीने आक्काकडे गेलो आणि तोंडी परीक्षेला मुलांना तयार करावे तसे तिला तयार केले. तो विचारेल, तब्येत कशी आहे. तू सांगायचे: धाप लागते. चढण चढवत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आहे आणि मुलगा हवा आहे. एवढेच. यात खोटे काही नाही.

‘म्हणून दाखव.’

‘धाप लागते. चढवत नाय. डॉक्टरांनी आपरेशन सांगितलंय, म्हणून पोर हवं.’

‘बरोबर.’

‘पास केलंत काय, सर?’ जाऊने खळ्यातून विचारले.

‘पास,’ मी म्हणालो. मला खरोखर तसे वाटले. आक्काने लुगडे बदलले होते. फोनवर दिसायचे नव्हते, तरी बदलले होते.

दुपारी फोन वाजला. मी पिशवीतले बटण दाबले. एजंट म्हणाला, ‘नमस्कार आई.’ त्या ‘आई’ने आक्काचा चेहरा सैल झाला.

‘नमस्कार. जेवलात काय तुम्ही?’

‘जेवायचंय अजून. आई, दोनच गोष्टी विचारतो. हे रेकॉर्ड होतंय, त्याची काळजी करू नका. आणि एक सांगू? तुमच्या मुलालापण याच लाईनवर घ्यायचा ट्राय करतोय मी. तेवढंच तुमचं बोलणं होईल.’

त्याने हे चांगुलपणाने केले, याबद्दल मला आजही शंका नाही. दोन्हीकडे रेंजची पंचाईत असलेल्या आईला मुलाचा आवाज ऐकू यावा, एवढाच त्याचा हेतू होता. उतरवण्याचे कारण बोटीवर सांगायचे नाही, असे आपणच कबूल केले होते हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात राहिले नसावे. ओळीत काहीतरी खरखरले. समुद्राचा वारा असावा किंवा आमच्याच खांबावरची तार असावी.

‘तर आई, तब्येत कशी आहे तुमची?’

आक्काने पिशवीकडे पाहिले. पदर खांद्यावरून पुढे घेतला, पाठ सरळ केली, आणि पाहुण्याला सांगावे तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘मी बरी हाय हो. काय्येक झालेलं नाय मला.’

मी खांबाशी गेलो. ‘हे खरं नाही,’ मी म्हणालो. ‘तिला धाप लागते. दाखला आहे तुमच्याकडे. ती संकोचाने...’

‘सर, सर. एक मिनिट. आई, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय असं कागदावर आहे. त्याचं काय?’

‘डॉक्टर सांगतात. वयाचं असतं ते. तुम्ही पोराला काय सांगू नका. मी बरी हाय.’ एवढे बोलून तिला श्वास पुरला नाही, पण तो तिने नाकातच दाबला. ‘तुम्ही जेवून घ्या आधी.’

 एजंट हळू आवाजात म्हणाला, ‘सर, त्या स्वतःच्या तोंडाने सांगतायत. आता मी वर काय देऊ? बघतो... मी ट्राय करतो, सर.’ मुलगा लाईनवर आलाच नव्हता. फोन लागला नाही, असेही तो जाता जाता म्हणाला.

जाऊ खळ्यातून वर आली आणि तिने आक्काला पाणी दिले. मी मात्र बोललो. आयुष्यभर धडा चुकलेल्या मुलावर ज्या आवाजात बोललो त्याच आवाजात.

‘म्हणून दाखवलं होतंस ना सकाळी? मग?’

‘तो ऐकत असता तर?’

‘नव्हता ऐकत.’

‘तुला काय माहीत? ट्राय करतोय बोलला ना तो? तूच सांगितलंयस, ट्राय म्हणजे होईल पण आणि नाय पण होणार. दोन्ही धरून चालायचं.’ तिने पेला खाली ठेवला. ‘मी धरलं.’

 मी खांबाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि समोरच्या मळ्यांत भात झोडणाऱ्या माणसांकडे पाहत राहिलो. वाक्य माझे होते, अर्थ माझा होता, आणि उदाहरण तिने निवडले होते. मी एजंटाला त्याच संध्याकाळी सविस्तर लिहिले. तीन परिच्छेद. डॉक्टरांकडून दुसरा, अधिक स्पष्ट दाखला आणून जोडला. उत्तर सौजन्याचे आले.

उतरला तो दाभोळकडचा मुलगा. त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला होता आणि त्यांना स्वतः बोलताच येत नव्हते, असे कळले. त्याची गरज कमी होती असे मी म्हणू शकत नाही. म्हणायची सोय असती तर बरे वाटले असते.

पुढच्या रविवारी भाच्याचा फोन आला. आम्ही सगळे खांबाशी होतो, जाऊ आपल्या जागी. त्याचा आवाज ऐकून मी चमकलो. कित्येक महिन्यांत त्याचा रविवारचा आणि बुधवारचा आवाज एक झालेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

‘आई, एजंट बोलला माझ्याशी. तू एकदम ठणठणीत हायस बोलला. त्यालाच जेवायला सांगत होतीस म्हणे.’

‘बिचाऱ्याचं जेवण राहिलं होतं.’

‘मला उगाच वाटायचं, आई काहीतरी लपवतेय. रात्री झोप नाय यायची. आता बरं वाटतंय बघ. आता कितीपण दिवस काढीन.’

आक्काने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत, मी नाव देतो ते चुकीचे असेल, पण विजयच होता. तिचा मुलगा ओल्या डेकवर पाय रोवून उभा होता. आपले काम तिने केले होते; काठी आत ठेवली होती.

‘मामा हायत काय तिथे?’

‘आहे,’ मी म्हणालो.

‘मामा, तुम्ही तरी खरं सांगा. बरी आहे ना?’

मी त्याला होय म्हणालो असतो तर ते खोटे होते. नाही म्हणालो असतो तर त्या वरच्या मजल्यावर, समुद्राच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हातून कठडा सोडवण्यासारखे होते. आणि ते कळूनही त्याला उतरता येणार नव्हते. आक्का तर समोरच बसली होती. ज्या एका गोष्टीने काही घडले असते ती सांगण्याचा दिवस होऊन गेला होता.

‘थकली आहे थोडी,’ मी म्हणालो. ‘वयाप्रमाणे.’

‘मग एकदा रत्नागिरीत नेऊन चांगल्या डॉक्टरला दाखवा. मी नाय तोवर तुम्हीच बघायचं.’

‘ट्राय करतो,’ मी म्हणालो.

हे शब्द माझ्या तोंडून गेले ते मला ऐकू आले. त्यालाही आले असावेत. मग खरखरीतून माझाच आवाज आला, अगदी हुबेहूब, चष्मा सारखा करण्याएवढी उसंत घेऊन:

‘काय करायचा?’

जाऊ फिसकन हसली. मीही हसलो, न हसणे शक्यच नव्हते. आक्का सर्वांत जास्त हसली. भाजी, मामी, आठवीचा वर्ग, सारे तिला एकदम आठवले असणार. हसता हसता तिचा श्वास अडला आणि धाप वर आली. ती पटकन खांबापासून वळली, पदराचा बोळा करून तोंडावर दाबला आणि पिशवीकडे पाठ करून वाकून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली तिची पाठ भात्यासारखी हलत होती आणि बाहेर आवाज अजिबात येत नव्हता.

‘हॅलो,’ पिशवीतून भाचा म्हणत होता. ‘हॅलो, मामा? पुढचं क्रियापद काय?’